कानटोपी : एका लहानशा दानाचा इतिहास

आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय सुईदोऱ्याचा. कापड बेतावे, शिवावे आणि दुसऱ्याच्या अंगावर ते नीट बसले म्हणजे समाधान मानावे, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. आज आपल्या कुटुंबांतील मुलेमुली वैद्यक, अध्यापन, अभियांत्रिकी अशा नाना क्षेत्रांत गेली आहेत. तरी माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावू नये, हा घरचा धडा बहुधा कोणी विसरले नसेल. प्रस्तुत लेखाचा विषय शिवण्याचा नसून विणण्याचा आहे, आणि तोही विक्रीच्या नव्हे तर दानाच्या वस्त्राचा आहे. तथापि मापाचा तो धडा येथेही किती उपयोगी पडतो, हे पुढील हकिगतीवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

थंडीचे दिवस आले की ठिकठिकाणच्या महिला मंडळांत लोकरीच्या टोप्या विणून त्या रुग्णालयांना, अनाथालयांना किंवा सीमेवरील जवानांना पाठविण्याची कल्पना निघते. कल्पना स्तुत्य आहे. दोन सुया, लोकरीचा एक गुंडा आणि फावल्या वेळाच्या चार-दोन बैठकी एवढ्या भांडवलावर ज्याला आपण कधी पाहिले नाही अशा माणसाच्या मस्तकावर ऊब घालता येते. दानाचा इतका स्वस्त आणि इतका जिव्हाळ्याचा दुसरा प्रकार क्वचितच सापडेल. परंतु या प्रकाराला पुष्कळ जुना इतिहास आहे, आणि तो इतिहास केवळ गौरवाचा नाही. कधी टोपी गरजवंतापर्यंत पोहोचलीच नाही. कधी पोहोचली, पण बसली नाही. कधी दानाच्या टोपीने कोणा गरीब कारागिणीची मजुरी बुडण्याची वेळ आली. कधी ज्याचे ते कर्तव्य होते त्या सरकारची उणीव घरोघरीच्या सुयांना भरून काढावी लागली. म्हणून हा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

टोपीचा कायदा आणि यंत्राची भीती

विणलेली लोकरी टोपी ही युरोपातील सामान्य माणसाची फार जुनी सोबतीण. इंग्लंडात सोळाव्या शतकात टोप्या विणणाऱ्यांचा मोठा वर्ग होता. पुढे फेल्टच्या हॅटची चाल पडली आणि विणलेल्या टोपीचा खप घटू लागला. तेव्हा १५७१ मध्ये तेथील पार्लमेंटने एक कायदाच केला. सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडात तयार झालेली लोकरीची विणलेली टोपी घातली पाहिजे. न घातल्यास दर दिवसामागे तीन शिलिंग चार पेन्स दंड! सरदार-दरकदार व प्रतिष्ठित स्त्रिया यांना अर्थातच सूट होती. हा कायदा फार दिवस टिकला नाही. १५९७ मध्ये तो रद्द झाला. पण टोपी ही नुसती मस्तकाची ऊब नसून अनेक घरांची चूलही आहे, हे सत्य त्यात नमूद झाले होते.

त्याच काळात, १५८९ च्या सुमारास, विल्यम ली नावाच्या गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. राणी एलिझाबेथने त्यास सनद देण्याचे नाकारले आणि त्याचे कारण, हाताने विणून पोट भरणाऱ्या गरीब प्रजेची भाकर जाईल, असे दिले, अशी कथा परंपरेने सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो, हा प्रश्न पुढे दानाच्या विणकामातही उभा राहावयाचा होता.

बालाक्लाव्हाचा हिवाळा

आपण जिला कानटोपी किंवा थट्टेने माकडटोपी म्हणतो, डोके, कान व मान झाकून केवळ तोंडवळा उघडा ठेवणाऱ्या त्या टोपीचे इंग्रजी नाव ‘बालाक्लाव्हा’ असे आहे. बालाक्लाव्हा हे काळ्या समुद्राच्या काठी क्रिमिया द्वीपकल्पातील एक लहानसे बंदर. १८५४ साली रशियाविरुद्धच्या युद्धात इंग्रज सैन्याने तेथे तळ दिला. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी तेथे प्रसिद्ध लढाई झाली. परंतु त्या सैन्याचा खरा संहार शत्रूच्या तोफांनी केला नाही. तो थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी केला. जखमांनी जितके शिपाई मेले त्यांच्या कितीतरी पट रोगांनी मेले.

युद्ध हिवाळ्यापूर्वी आटोपेल अशा समजुतीने सैन्य निघाले होते. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी भयंकर वादळ झाले आणि ‘प्रिन्स’ नावाची आगबोट बंदराबाहेरच फुटून बुडाली. सैन्यासाठी आणलेले हिवाळी कपडे तिच्यावर होते. पुढे ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम रसेल याने लिहिलेली वर्णने इंग्लंडात पोहोचली आणि घरोघर हळहळ पसरली. लोकांनी निधी उभारले. स्त्रियांनी टोप्या, मोजे, हातमोजे विणून पाठविले. याच टोप्यांची आठवण पुढे बालाक्लाव्हा या नावात राहिली. मात्र ते नाव छापील मजकुरात रूढ झाले ते युद्धानंतर सुमारे पाव शतकाने, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता या हकिगतीतील मर्म पाहू. इंग्लंडातून माल निघाला, समुद्र ओलांडून बंदरातही आला. पण बंदरापासून सैन्याची छावणी सुमारे सात मैल वर डोंगरावर होती आणि मधला रस्ता चिखलाने बुजून गेला होता. ओझी वाहणारी जनावरे चाऱ्यावाचून मेली होती. त्यामुळे धक्क्यावर मालाचे ढीग आणि वर खंदकांत कुडकुडणारी माणसे, असा विपरीत प्रकार झाला. अखेर १८५५ च्या आरंभी तेथे आगगाडीचा रस्ता बांधला गेला, तेव्हा माल वर जाऊ लागला. तोवर हिवाळा सरत आला होता. या गैरव्यवस्थेपायी इंग्लंडातील मंत्रिमंडळ जानेवारी १८५५ अखेर कोसळले.

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो तो पोहोचण्याचा. टोपी विणणाऱ्या हाताचे कौतुक करावे तितके थोडे. पण ती टोपी शेवटचे सात मैल कोण वाहून नेणार, याचा विचार आधी झाला नाही तर सारे श्रम धक्क्यावरच भिजून जातात.

१९१४ : मोजे, पट्टे आणि मजुरी

पहिल्या महायुद्धात विणकामाला चळवळीचे स्वरूप आले. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच इंग्लंडात राणी मेरी हिच्या नावाने शिवण-विणकामाचा संघ उभा राहिला. लॉर्ड किचनेर याच्या मागणीवरून राणीने साम्राज्यातील स्त्रियांना तीन लाख कमरपट्टे आणि तीन लाख मोज्यांचे जोड देण्याचे आवाहन केले. आगगाडीत, चर्चमध्ये, नाटकगृहात, जेथे पाहावे तेथे स्त्रिया विणताना दिसू लागल्या. एकट्या ऑस्ट्रेलियातील स्त्रियांनी युद्धकाळात साडेतेरा लाखांहून अधिक जोड मोजे विणले. अमेरिका युद्धात उतरल्यावर तेथेही तेच घडले. १९१८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तीन दिवस विणकामाचा मेळावा भरला होता. त्यात ५० स्वेटर, ४८ गळपट्टे, मोज्यांचे २२४ जोड आणि ४० कानटोप्या तयार झाल्याची नोंद आहे. तीन दिवसांत ४० टोप्या हा आकडा मोठा नाही. हाताने विणलेल्या प्रत्येक टोपीत किती तास असतात हे मात्र त्यावरून कळते.

उत्साह होता, पण शिस्त नव्हती. कोणी मोजा फार लांब विणी, कोणी आखूड. कोणाच्या पंज्याच्या टोकाशी गाठ राही, आणि मैलोगणती चालणाऱ्या शिपायाच्या पायाला त्या गाठीने फोड येत. म्हणून रेडक्रॉस व अन्य संस्थांनी ठरावीक नमुने छापून वाटले. लोकर कोणत्या रंगाची, टाके किती, लांबी किती, हे सर्व ठरवून दिले. टोकाची गाठ टाळणारी, दोन्ही बाजूंचे टाके सुईदोऱ्याने सपाट जोडण्याची जी पद्धत आहे ती आजही किचनेरच्या नावाने ओळखली जाते. दुसरा प्रश्न तो हा, मापाचा. विणणारीला काय विणणे आवडते हे दुय्यम. घालणाऱ्याला काय लागते हे मुख्य.

परंतु त्याहून गंभीर प्रश्न मजुरीचा होता. युद्ध सुरू होताच इंग्लंडात शिवणकामावर पोट भरणाऱ्या हजारो स्त्रिया बेकार झाल्या, कारण सधन घरांनी नवे कपडे शिवून घेणे थांबविले. आणि नेमक्या त्याच वेळी त्या सधन घरांतील स्त्रिया शिपायांसाठी फुकट शर्ट शिवू आणि मोजे विणू लागल्या. जे काम पूर्वी मजुरीने होई ते आता दानाने होऊ लागले; दान देणारीला पुण्य, पण कारागिणीला उपवास. स्त्री-कामगारांच्या संघटनेची चिटणीस मेरी मॅकार्थर हिने याविरुद्ध आवाज उठविला. तिचे म्हणणे राणीने ऐकून घेतले, हे राणीलाही भूषणावह आहे. त्यातून ऑगस्ट १९१४ मध्येच स्त्रियांच्या रोजगारासाठी एक मध्यवर्ती समिती व एक निधी स्थापन झाला आणि बेकार स्त्रियांसाठी पगारी कामाच्या खोल्या उघडण्यात आल्या.

तेथील मजुरी मात्र अगदी तुटपुंजी होती. आठवड्याला दहा शिलिंगांच्या वर ती जात नसे, आणि सिल्व्हिया पँखर्स्ट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. तेव्हा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही; पण तो निदान ओळखला गेला. सुईवर ज्यांच्या पिढ्या जगल्या त्या आपल्या समाजाने तरी इतिहासातील हे पान विशेष जपून ठेवावे. फुकट श्रम ही सेवा खरीच, पण ती कोणाच्या ताटातील भाकर उचलून होत नाही ना, हे पाहणे हा सेवेचाच भाग आहे.

हिंदी सैनिक आणि लंडनमधील कपड्यांचा ढीग

या युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात हिंदी सैनिकही फ्रान्सच्या चिखलात उभे होते. लाहोर व मीरत या दोन डिव्हिजनांतील पलटणी सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या. अंगावर हिंदुस्थानच्या हवेला साजेसे खाकी कपडे, आणि समोर उत्तर फ्रान्सचा हिवाळा! २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव शापेल येथे झालेल्या निकराच्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, हे महाराष्ट्रीयांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या सैनिकांसाठी लंडनमध्ये ‘इंडियन सोल्जर्स फंड’ उभारण्यात आला. त्यातून गरम कपड्यांबरोबर निरनिराळ्या धर्मांच्या सैनिकांना त्यांचे धर्मग्रंथही पाठविले गेले. घेणाऱ्याचा देह जसा, तसेच त्याचे मनही जाणून दान करावे, ही समज त्यात दिसते.

याच सुमाराची एक आठवण महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत सांगितली आहे. नामदार गोखले यांच्या भेटीसाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून निघाले आणि युद्ध जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, ६ ऑगस्ट १९१४ रोजी, इंग्लंडला पोहोचले. त्या वेळी लंडनमधील ‘लायसियम’ नावाच्या स्त्रियांच्या क्लबने सैनिकांसाठी कपडे तयार करण्याचे काम अंगावर घेतले होते. सरोजिनी नायडू त्या क्लबच्या सभासद होत्या व त्या कामात गढून गेल्या होत्या. गांधीजींची आणि त्यांची ओळख तेव्हाच झाली. सरोजिनीबाईंनी बेतून ठेवलेल्या कपड्यांचा एक ढीगच गांधीजींपुढे मांडला आणि हे सर्व शिवून परत करा असे सांगितले. गांधीजींनी मित्रांच्या साह्याने जमेल तेवढे कपडे तयार करवून दिले.

या लहानशा प्रसंगात आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने एक सुंदर खूण आहे. ढीग होता तो आधीच बेतलेल्या कपड्यांचा. माप, बेत आणि नमुना एका ठिकाणी ठरला, श्रम अनेक ठिकाणी वाटले गेले, आणि माल पुन्हा एका ठिकाणी गोळा झाला. सेवेचे विणकाम यशस्वी व्हावयाचे तर याच पद्धतीने.

१९६२ चा हिवाळा

आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींना १९६२ चा हिवाळा आठवत असेल. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजांनी नेफा व लडाख या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला चढविला. नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, ज्या ब्रिगेडवर पहिला घाव पडला तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तेथील स्थितीचे वर्णन केले आहे. जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेष, आणि पांघरायला जेमतेम एखादे कांबळे. लढाईआधीच थंडीने माणसे गारठून गेली होती.

ही वार्ता पसरताच देश हेलावला. राष्ट्रीय संरक्षण निधी उघडला गेला. स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. आणि शहरोशहरी, कचेऱ्यांतून, शाळांतून, घरांच्या ओट्यांवर सुया चालू झाल्या. स्वेटर, मोजे, हातमोजे, कानटोप्या तयार होऊ लागल्या. शाळकरी मुलींनी विणलेली पहिली टोपी जवानासाठीच होती, अशी कितीतरी घरे महाराष्ट्रात सापडतील. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे जो तो म्हणू लागला.

भावनेचा तो पूर खरा होता, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी दोन गोष्टी शांतपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली गोष्ट वेळेची. ज्या दिवशी यशवंतरावांनी कार्यभार स्वीकारला त्याच दिवशी चीनने एकतर्फी शस्त्रसंधी अमलात आणली. म्हणजे युद्ध महिनाभरच चालले. बातमी कळावी, लोकर आणावी, स्वेटर विणावा, तो गोळा व्हावा, आगगाडीने आसामात जावा आणि तेथून खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढावा, या सर्वांस महिना कसा पुरणार? शस्त्रसंधीनंतरही जवान त्याच बर्फात उभे होते, म्हणून ते श्रम वाया गेले असे कदापि म्हणता येत नाही. पण ज्यांना त्या ऑक्टोबरात ऊब हवी होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणे शक्य नव्हते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. सैनिकाला गणवेष, जोडे आणि टोपी देणे हे सरकारचे काम आहे. ते आधी, शांततेच्या काळात, कोठारात तयार पाहिजे. भगिनींनी विणलेली टोपी जवानाला देश तुझ्या पाठीशी आहे असे सांगते, आणि हे सांगणे मोलाचे आहे. परंतु ती टोपी रिकाम्या कोठाराची भरपाई करू शकत नाही. दान करणाऱ्या नागरिकाने एका हाताने टोपी द्यावी आणि त्याच वेळी कोठार रिकामे का होते हेही विचारावे. दोन्ही मिळून नागरिकधर्म पुरा होतो.

बाळंतविड्यातील टोपडे

युद्धाच्या टोपीची कथा येथे सोडून आता शांततेच्या टोपीकडे वळू. आज जगभर दानासाठी ज्या टोप्या विणल्या जातात त्यांत नवजात बालकांच्या टोपड्यांना फार मोठे स्थान आहे. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे बाळंतविडा देण्याची रीत आहे. झबले, टोपडे, कुंची, दुपटे असा तो सरंजाम आप्तस्वकीय व शेजारीपाजारी मिळून पुरवितात. बाळ हे केवळ एका घरचे नसून सगळ्यांचे आहे, हा त्यामागील भाव. तोच भाव परक्या बाळापर्यंत नेणे एवढेच आता करावयाचे आहे.

टोपड्याचे महत्त्व शास्त्रानेही मान्य केले आहे. माणसाच्या शरीरातील निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते असे सर्रास सांगितले जाते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरे नाही. प्रौढाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागात डोक्याचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि उष्णताही साधारण त्याच मानाने जाते. नवजात अर्भकाची गोष्ट निराळी. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे, एकूण पृष्ठभागाच्या सुमारे एक पंचमांश असते. त्यात जन्मतः ते ओले असते, आणि दिवस पुरे न भरलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबीही नसते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. त्याखाली घसरले की धोका सुरू होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला लगेच कोरडे करणे, आईच्या अंगाशी धरणे, डोके झाकणे, लवकर स्तनपान देणे व आंघोळीची घाई न करणे, ही सारी त्या ऊब राखण्याच्या साखळीतील कड्या होत.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील एका रुग्णालयात, काचपेट्या अपुऱ्या पडल्यामुळे डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला कांगारू पद्धत म्हणतात. या पद्धतीत बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपडे एवढेच असते. उरलेली ऊब आई देते. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्यास कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात असे आढळले.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना शिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, स्तनपान, श्वास गुदमरलेल्या बाळाला साह्य, जंतुसंसर्गावर औषध, अशी ती संपूर्ण योजना होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. हे यश केवळ उबेचे नव्हे, हे स्पष्ट आहे. पण ऊब त्यातील एक आवश्यक अंग होती. आज देशभरातील आशा कार्यकर्त्या ज्या गृहभेटी देतात त्यांचा पाया याच प्रयोगात आहे.

जबाबदारीच्या प्रश्नाचे एक चांगले उत्तरही या क्षेत्रात मिळाले. २००६-०७ मध्ये अमेरिकेत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या आवाहनावरून हजारो लोकांनी गरीब देशांतील नवजात बाळांसाठी दोन लाखांहून अधिक टोपडी विणली. त्याबरोबर आपल्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून चिठ्ठ्याही लिहिण्यास सांगितले होते, की बालकांच्या आरोग्यासाठी सरकारनेही पुरेसा पैसा द्यावा. टोपडे बाळाला आणि मागणी सरकारला! १९६२ च्या धड्याचे हे शांततेतील रूप म्हणता येईल.

आपले कर्तव्य

इतका इतिहास पाहिल्यावर आपल्या भगिनींनी, आणि विणकाम शिकण्यास तयार असलेल्या बंधूंनीही, पुढील गोष्टी मनाशी धराव्यात.

पहिली गोष्ट, विणण्याआधी विचारावे. ज्या रुग्णालयाला टोपडी द्यावयाची तेथील परिचारिकांना भेटून किती हवीत, कोणत्या मापाची हवीत, धुण्याची सोय कशी आहे, हे समजून घ्यावे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. सातव्या महिन्यात जन्मलेल्याचा २६ ते २८. ही सात-आठ सेंटिमीटरची तफावत लहान नव्हे. मोठे टोपडे डोळ्यांवर घसरते, लहान टोपडे टिकत नाही. लोकर मऊ, तंतू न सुटणारी असावी. गोंडे, फिती, बटणे, मणी लावू नयेत. ती शोभा आपल्या डोळ्यांची, बाळाच्या सोयीची नव्हे. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात निरोगी बाळाला सतत टोपड्यात ठेवणेही बरे नाही, म्हणून कोणाला, केव्हा व किती वेळ हे डॉक्टरांवर सोपवावे.

दुसरी गोष्ट, शेवटच्या सात मैलांची तजवीज आधी करावी. टोप्या कोण नेणार, कोणाच्या हाती देणार, हे ठरल्यावरच लोकर आणावी. थंडीसाठीच्या टोप्यांना श्रावण-भाद्रपदातच आरंभ व्हावा, म्हणजे मार्गशीर्षात त्या डोक्यावर असतील.

तिसरी गोष्ट, मजुरीची. यंत्रावर विणलेली टोपी आज हाताच्या टोपीपेक्षा स्वस्त मिळते. लुधियानाच्या गिरण्यांचा माल गावोगावी येतो. १९५९ नंतर भारतात आश्रयास आलेली तिबेटी कुटुंबे दर हिवाळ्यात आपल्या शहरांतून स्वेटर-टोप्या विकून वर्षाची बेगमी करतात. जेथे शेकडो टोप्यांची तातडीने गरज असेल तेथे वर्गणी काढून अशा विक्रेत्यांकडून किंवा आपल्याच समाजातील गरजू भगिनींकडून योग्य मोबदला देऊन त्या घेणे, हे हाताने विणण्याहून कमी प्रतीचे दान नाही. एका पैशात दोन घरांना ऊब मिळते. हाताचे विणकाम तेथे ठेवावे जेथे बाजारात माप मिळत नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे टोपडे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

चौथी गोष्ट, टोपडे देताना त्या रुग्णालयात काचपेट्या, परिचारिका, औषधे पुरेशी आहेत की नाहीत याचीही चौकशी करावी, आणि नसतील तर आपल्या लोकप्रतिनिधींना संस्थेच्या नावे पत्र लिहावे.

ज्याच्या अंगावर कपडा चढावयाचा त्याला समोर उभे करून माप घेण्याची विद्या आपल्या पूर्वजांनी आपल्याला दिली. दानाच्या टोपीचा मालक समोर उभा नसतो. म्हणून त्याचे माप अधिक काळजीने घ्यावे लागते. आपल्या महिला शाखेने येत्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील एखादे सरकारी रुग्णालय निवडून, तेथील मागणी लिहून घेऊन, मोजकीच पण मापाची टोपडी देण्याचा संकल्प करावा आणि पुढील स्मरणिकेत किती विणली यापेक्षा किती वापरली गेली याचा अहवाल द्यावा, एवढी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.